निवळी

जूनच्या पहिल्या सोमवारी बालवाडीत तेवीस मुलं आली आणि त्यांतली बावीस रडली नाहीत.

शाल्मली भिलारे दारात उभी राहून एकेकाला आत घेत होती. शिरवळजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या या बालवाडीत तिला नऊ वर्षं झाली होती. पूर्वी हा पहिला दिवस म्हणजे नुसता गोंधळ असायचा. आयांच्या ओढण्या सुटायच्या नाहीत, कुणी फरशीवर लोळण घ्यायचं, एक गप्प झालं की दुसरं सूर लावायचं. दुपारपर्यंत शाल्मलीचा खांदा शेंबडाने आणि आसवांनी चिकट व्हायचा. आता मुलं आईचा हात सोडत, चपला ओळीत काढून ठेवत आणि आत येऊन बसत. मागे वळून कुणी बघत नसे. प्रत्येकाच्या डाव्या कानामागे बोटाच्या पेराएवढी, कातडीच्याच रंगाची एक पट्टी होती आणि तिच्या कडेला हिरवा ठिपका लुकलुकत होता.

तिचं नाव निवळी. गढूळ पाण्याच्या हंड्यात पूर्वी निवळीची बी उगाळून घालत, मग गाळ तळाशी बसून पाणी नितळ होई. पट्टी बनवणाऱ्या कंपनीने नाव तिथूनच उचललं होतं. पट्टी बाळाचे ठोके, श्वास आणि घामातली रसायनं सतत मोजत राही. बाळ घाबरायला लागलं, की कानामागून जाणाऱ्या एका नसेला ती अगदी बारीक विजेचे टोले देई. ही नस थेट हृदयाशी आणि मेंदूशी बोलते, हे डॉक्टरांना पूर्वीपासून ठाऊक होतं. ठोके उतरत, श्वास लांब होई आणि रडू ओठांपर्यंत यायच्या आतच विरून जाई.

तेविसावी मुलगी गौरा. तिची आई पूनम कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकऱ्या करायची. गौराच्या हृदयाला जन्मतःच भोक होतं. ऑपरेशन झालं होतं, पण ठोक्यांशी खेळणारी कुठलीही वस्तू तिच्या अंगाला लावायची नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. त्या सोमवारी गौरा दोन तास गळा काढून रडली. बाकीची मुलं तिच्याभोवती जमली आणि नळातून पाणी पडताना बघावं तशी तिच्याकडे बघत राहिली.

शाल्मलीला तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही. बघणाऱ्यांत तिची स्वतःची मुलगी होती. अडीच वर्षांची रुंजी.

रुंजी जन्मली तीच रडत, आणि मग थांबलीच नाही. पंख्याचा वेग वाढवला, नवं झबलं चढवलं, दारावरची घंटा वाजली, की हातपाय ताठ करून, पाठीची कमान करून ती रडायची. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी तिच्यासमोर रंगीत खुळखुळा हलवला, एक अनोळखी आवाज ऐकवला, नाकाशी वासाचा बोळा धरला. तिचे हातपाय कसे उडतात ते पाहून ते म्हणाले, "पाचातलं एखादं बाळ असं असतं. आपल्या मेंदूत भीतीची घंटा वाजवणारा बदामाएवढा एक भाग असतो. हिचा फार लवकर जागा होतो. हा आजार नाही, हा हिचा स्वभाव."

स्वभाव म्हटल्याने रडणं थोडंच थांबणार होतं? एका दुपारी रुंजी सलग पाच तास रडत होती. शाल्मली तिला घेऊन चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी होती. आपले हात कठड्याच्या पलीकडे कधी गेले, ते तिचं तिलाच कळलं नाही. कळलं ते नवऱ्याने, ऋतुराजने, मागून येऊन तिची दोन्ही मनगटं धरली तेव्हा. दोघं आत आली. दुसऱ्या दिवशी तो निवळी घेऊन घरी आला.

पट्टी लावली आणि मिनिटाच्या आत रुंजी गप्प झाली. शाल्मली फरशीवर बसून ढसाढसा रडली. रुंजी पाळण्यातून तिच्याकडे शांतपणे बघत होती. त्या दिवसापासून त्या हिरव्या ठिपक्याला शाल्मली मनोमन हात जोडत असे. रुंजीसारख्या बाळांसाठी निघालेली ती पट्टी पुढच्या दोन वर्षांत वसाहतीतल्या सगळ्याच बाळांच्या कानामागे गेली. निवांत बाळ कुणाला नको असतं?

सप्टेंबरात मुख्याध्यापिका देशमानेबाईंनी शाल्मलीला बोलावून घेतलं.

"त्या गौराचं काहीतरी करावं लागेल. पालकांच्या तक्रारी येताहेत. मुलांना त्रास होतो म्हणतात."

"मुलांना कसला त्रास, बाई? ती तर ढिम्म असतात."

"मग पालकांना होत असेल. तिच्या आईशी बोलून घ्या. दिवाळीनंतर दुसरी सोय बघा म्हणावं."

शाल्मली पूनमशी बोलली. पूनमच्या हाताला अजून पीठ लागलेलं होतं. तिने सगळं मान खाली घालून ऐकलं आणि मग म्हणाली, "ताई, ती रडती, पण मला बघितलं की थांबती ना. ते नाही का कुणी बघत?"



ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं आणि बालवाडीच्या अंगणात पाण्याचे खेळ सुरू झाले. बागेसाठी भरून ठेवलेला एक मोठा निळा टब होता, कमरेएवढा उंच. तो मुलांसाठी नव्हता. मुलांसाठी बाजूला उथळ घमेली मांडली होती. सव्वाअकराच्या सुमाराला मदतनीस मावशी दूध गरम करायला गेल्या आणि शाल्मली पंचे आणायला आतल्या खोलीत गेली. पंधरा पावलांचं अंतर. बालवाडीतली बाई डोळ्यांपेक्षा कानांनीच मुलं राखत असते. बाहेरून पाण्याचा चुबूकचुबूक आवाज येत होता, बाकी सगळं शांत होतं.

मग गौरा किंचाळली.

'झालं हिचं सुरू,' असं शाल्मलीच्या मनात आलं. ती पंचे मोजत राहिली. सातवा, आठवा. नववा पंचा हातात घेतला आणि तिच्या ध्यानात आलं, की हे रडणं नेहमीचं नाही. गौरा श्वास न घेता एकाच पट्टीत ओरडत होती.

ती बाहेर धावली. टबाभोवती सहा-सात मुलं उभी होती. कुणी ढकलाढकली करत नव्हतं, कुणी मागे सरकत नव्हतं. टबातून दोन पाय वर आलेले होते, पिवळ्या मोज्यांतले, आणि ते फारसे हलत नव्हते. रुंजी उलट्या बादलीवर उभी राहून टबाच्या काठावर हनुवटी टेकून आत बघत होती. गौरा एकटीच लांब भिंतीशी पाठ लावून, दोन्ही मुठी तोंडाशी धरून किंचाळत होती.

शाल्मलीने पाय धरून त्याला वर ओढलं. कियान. तीन वर्षांचा. ओठ निळे, डोळे अर्धवट उघडे. तिने त्याला फरशीवर आडवं केलं. शिकवलं होतं तसं तोंडाने श्वास दिला, दोन बोटांनी, मग तळव्याने छाती दाबली, पुन्हा श्वास दिला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. कियानच्या तोंडातून पाणी आलं, तो खोकला, पुन्हा खोकला. त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. तो रडला नाही. त्याच्या कानामागचा ठिपका हिरवाच होता.

दवाखान्याची गाडी आली, कियानला घेऊन गेली. संध्याकाळी निरोप आला, की तो वाचला. निवळीच्या कंपनीचा माणूस फोनवर पट्टीची नोंद वाचून दाखवून मोकळा झाला: अकरा वाजून सोळा मिनिटांनी अस्वस्थता वाढली, चौतीस सेकंदांत आटोक्यात आली. पट्टीने आपलं काम चोख बजावलं होतं. पोराने हातपाय झाडायचे तेव्हा पट्टी त्याला शांत करत होती.

घरी आल्यावर शाल्मली रुंजीसमोर गुडघ्यांवर बसली.

"रुंजी, कियान पाण्यात पडला तेव्हा तू तिथेच होतीस ना?"

"हो."

"काय झालं मग?"

"कियान बुडबुड करत होता." रुंजीने गाल फुगवून करून दाखवलं. "मग नाही केलं."

"मग मला हाक का नाही मारलीस गं?"

रुंजीने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता, दुष्टपणा नव्हता. तिला प्रश्नच कळला नव्हता.

"का?" तिने विचारलं.

दोन दिवसांनी शाल्मली रुंजीला घेऊन साताऱ्याला गेली. डॉ. तन्वीर मणेर लहान मुलांच्या मनाचे डॉक्टर. पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी रुंजीला लाकडी खुंट्या आणि छोटी हातोडी दिली. थोडा वेळ तिच्याबरोबर खेळले आणि मग हातोडी आपल्या बोटावर आपटल्याचं सोंग करून "आई गं!" म्हणून बोट धरून कण्हू लागले.

रुंजी थांबली. तिने त्यांचा चेहरा पाहिला, बोट पाहिलं. मग तिने त्यांच्या हातातून हातोडी काढून घेतली आणि त्यांच्या बोटावर मारली. जोरात नाही. पुन्हा तसाच आवाज येतो का, ते बघायला.

शाल्मलीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने काही सोंग केलं नव्हतं. रुंजीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ती खुंट्यांकडे वळली.

"राक्षस होतेय का हो ही?" शाल्मलीने कुजबुजत विचारलं.

"नाही, नाही. असं म्हणू नका." डॉक्टर तिच्याजवळ येऊन बसले. "जन्मून दोन दिवस झालेलं बाळ दुसऱ्या बाळाचं रडणं ऐकून रडतं. पाहिलंय ना? दुसऱ्याचं दुःख त्याच्या अंगात शिरतं. त्याचेही ठोके वाढतात, पोटात गोळा येतो. दुसऱ्याला काही होतंय हे मूल आधी स्वतःच्या अंगातून शिकतं. पुढची माया, दया, मदतीला धावणं, सगळं त्यावर चढतं. हिच्या पोटात गोळा येतो, पण तो तिला कळायच्या आत पट्टी तो विरघळवून टाकते. कियानला बघून हिचेही ठोके वाढले असतील. चार सेकंदांत खाली आले असतील."

"आणि मी? मला बघून?"

डॉक्टरांनी रुंजीकडे पाहिलं. "मूल घाबरतं, आई येते, उचलते, मूल शांत होतं. असं हजार वेळा झालं, की त्याला कळतं, भीती वाटली की आईकडे जायचं. हिला ते शिकायची गरजच पडलेली नाही. तुम्ही पोचायच्या आत पट्टी पोचलेली असते."

"काढली तर?"

"खरं सांगू? मला माहीत नाही. एवढी वर्षं लावून मग काढलेली मुलं मी तीनच पाहिली आहेत. दोन सावरली. एक मुलगा अजून माझ्याकडे येतो, पाच वर्षांचा आहे. पण रुंजीचं वय अजून कोवळं आहे. वर्षभराने विचारलंत तर मी आजच्याएवढंही बोलू शकणार नाही. एक मात्र आहे. तिचा स्वभाव बदललेला नाही. घंटा तीच आहे, तेवढ्याच जोरात वाजते आहे. आपण फक्त कान बंद केलेत. उघडलेत, की सगळं एकदम ऐकू येईल तिला."

घरी ऋतुराजने सगळं ऐकून घेतलं. जेवणाची ताटं तशीच होती.

"नाही," तो म्हणाला.

"अरे, एक पोरगं तिच्यासमोर बुडत होतं आणि ती..."

"मी म्हटलं ना, नाही. शाल्मली, तुला ती दुपार आठवते का?"

तिने ताट बाजूला सरकवलं.

"मला रोज आठवते. कारखान्यातून गाडी वळली की आधी वर गॅलरीकडे नजर जाते. दोन वर्षं झाली, अजून जाते. तू हिला पुन्हा तसं रडायला लावणार आणि घरात तू एकटी असणार. मी कामावर बसून काय करू?"

त्याने पहिल्यांदाच ते तोंडावाटे काढलं होतं. शाल्मलीला राग यायला हवा होता, पण आली ती भीती, कारण तीच भीती तिच्याही पोटात होती. रुंजीच्या मायेचं काय होणार ही भीती मोठी, की आपलेच हात पुन्हा काय करतील ही, ते तिला ठरवता येईना.

"मला माझीच भीती वाटते, ऋतू," ती म्हणाली. "पण निदान ती मला कळते तरी. हिला काहीच कळत नाहीये."

बराच वेळ तो बोटाने ताटातली भाताची शितं गोळा करत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने महिनाभराची रजा टाकली, तिनेही बालवाडीत रजा सांगितली. संध्याकाळी त्याने गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, तसा पट्टीचा जोर दर दोन दिवसांनी थोडाथोडा उतरवला. पहिले दहा दिवस काहीच झालं नाही. अकराव्या दिवशी मिक्सर सुरू झाला आणि रुंजीचा चेहरा वाकडा झाला. तिने छातीवर हात ठेवला आणि खाली आपल्या हाताकडे पाहिलं, आत काहीतरी शिरल्यासारखं. बाराव्या दिवशी ती भिंतीवरच्या सावलीपासून पळाली. चौदाव्या दिवशी सकाळी पट्टी पूर्ण काढली. कानामागची जागा पांढुरकी, सुरकुतलेली होती.

मग ते सुरू झालं. रुंजी कुकरच्या शिट्टीला घाबरली, पडदा हलला त्याला घाबरली, बादलीतल्या पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं त्याला घाबरली. बाळपणीचं रडणं परवडलं असतं, असं हे रडणं होतं. तेव्हा ती निदान हात पसरायची. आता शाल्मली जवळ गेली, की ती आणखी घाबरायची. चेहरा एवढा मोठा होऊन अंगावर येतोय, याचीच तिला धडकी भरत होती. उचललं तर ती चावे घ्यायची, ओरबाडायची, सुटून पलंगाखाली शिरायची आणि तिथे भिंतीला तोंड लावून किंचाळत राहायची. घाबरलं की माणसाकडे जायचं असतं, हे तिला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी शाल्मलीच्या कानात घूं घूं सुरू झालं. ते तिच्या ओळखीचं होतं. त्या दुपारीही तसंच झालं होतं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"ऋतू," तिने हाक मारली, "तू जा तिच्याजवळ. मला जमत नाहीये."

तो गेला. अर्ध्या तासाने तो घामाघूम होऊन बाहेर आला आणि ती आत गेली. मग दोघांनी पाळ्याच लावून घेतल्या. उचलायचं नाही, ओढायचं नाही. पलंगाशेजारी फरशीवर आडवं पडायचं, चेहरा छताकडे ठेवायचा आणि हलक्या आवाजात काहीबाही बोलत राहायचं. आज भाजी कसली आहे, खाली कोण चाललंय, अंगणातल्या मांजरीने काय केलं. शाल्मलीचा घसा बसला. आपण बोलतोय ते तिच्यापर्यंत जातंय की नाही, काहीच कळत नव्हतं.

नवव्या दिवशी वरच्या मजल्यावर कुणीतरी लोखंडी पेटी आपटली. रुंजी पलंगाखालून बाहेर आली, दाराकडे धावली, दार बंद होतं, परत फिरली. खोलीच्या मधोमध उभी राहून ती थरथर कापत होती. कुठे जावं ते तिला सुचत नव्हतं. शाल्मली आडवीच राहिली. तिने फक्त एक हात फरशीवर उताणा ठेवला. तिचं काळीज इतकं धडधडत होतं, की ते रुंजीला ऐकू जाईल असं तिला वाटलं.

रुंजी आली. आधी हातावर पाय देऊन उभी राहिली, मग बसली, मग तिच्या कुशीत डोकं खुपसून, दातांत तिचा कुडता धरून हुंदके देत राहिली. हुंदक्यांमधलं अंतर वाढत गेलं. शाल्मली मनातल्या मनात मोजत होती. निवळीला चार सेकंद लागत. हिला सतरा मिनिटं लागली.

डिसेंबरात शाल्मलीची रजा संपली. मधल्या काळात पालकांची सभा होऊन गेली होती. टबाला झाकण बसवायचं आणि अंगणात दोन कॅमेरे लावायचे असं ठरलं. पट्टीचं नाव कुणी काढलं नाही. गौराला काढायची गोष्टही मागे पडली होती. ती कुणी मोठ्याने मागेही घेतली नव्हती, तरी पूनम तिला रोज आणून सोडत होती. कियानच्या आईला शाल्मली मुद्दाम जाऊन भेटली होती. त्या बाईने सगळं ऐकलं आणि डोळे पुसत म्हणाली, "दवाखान्यात त्याची पट्टी काढली होती, तेव्हा तो झोपेत हातपाय मारायचा हो. पाण्यात असल्यासारखा. मी दुसऱ्याच दिवशी परत लावली. तुम्ही काय केलं असतं?"

सोमवारी सकाळी शाल्मली रुंजीला कडेवर घेऊन बालवाडीच्या दारात आली. आत एकवीस मुलं ओळीत बसली होती. मधे जागा सोडून, कोपऱ्यात गौरा. रुंजीने आत पाहिलं, तिचे पाय शाल्मलीच्या कमरेभोवती आवळले गेले आणि ती मोठ्याने रडू लागली.

मुलं उठली. एकेक करून दारापाशी आली आणि त्यांनी दोघींभोवती कडं केलं. कुणी हसलं नाही, कुणी घाबरलं नाही. कियान सगळ्यांत पुढे होता. त्याने टाचा उंचावून हात वर केला, रुंजीच्या गालावरचा थेंब बोटावर घेतला आणि ते बोट तोंडात घातलं.

"खारट," त्याने बाकीच्यांना सांगितलं.

आणखी तीन-चार हात वर झाले. रुंजीने आईच्या मानेत तोंड लपवलं. शाल्मलीने तिच्या डोक्यावर तळवा ठेवला आणि ती एक पाऊल मागे सरली. नऊ वर्षांत तिला या खोलीची कधी भीती वाटली नव्हती. तिच्याकडे वळलेल्या एकवीस चेहऱ्यांवर नुसतं कुतूहल होतं आणि एकवीस हिरवे ठिपके एका लयीत लुकलुकत होते. आणखी दहा वर्षांनी ही मुलं तेरा वर्षांची असतील, हा विचार तिच्या मनात आला.

तेवढ्यात कोपऱ्यातून दुसरं रडणं सुरू झालं. रुंजीचं ऐकून गौरालाही रडू फुटलं होतं. जागेवरच बसून, रुंजीकडे बघत ती रडत होती.

शाल्मलीने रुंजीला घट्ट धरलं. गौरापर्यंत जायचं होतं ते या कड्यातूनच.

"जरा बाजूला व्हा रे," ती म्हणाली.

मुलांनी शिस्तीत बाजूला होऊन तिला वाट दिली.